‘आवार पोलीस’ की ‘विद्यापीठ पोलीस दल’?

प्रश्न : अमेरिकेतील शिक्षणसंस्थांवरील एका लेखाचा अनुवाद करताना ‘कॅम्पस पोलीस डिपार्टमेंट’ या संज्ञेपाशी अडलो आहे. ‘विद्यापीठाचा सुरक्षा विभाग’ किंवा ‘आवार पोलीस’ असे लिहिले तर चालेल का? त्यातील पदनामांचे काय करावे?

उत्तर : ‘सुरक्षा विभाग’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे फाटकापाशी नोंदवही घेऊन बसलेला रखवालदार उभा राहतो, आणि अर्थ तिथेच बिघडतो. आपल्याकडे विद्यापीठात चोरी झाली, तर ते ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते तेथे गुन्हा नोंदवला जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठात मात्र गुन्हा नोंदवणारे, तपास करणारे आणि अटक करणारे पोलीस विद्यापीठाचेच असतात. त्याच्या दहाही संकुलांत असे पोलीस आहेत. ही प्रथा १८९४ साली येल विद्यापीठात सुरू झाली, तीही न्यू हेवन शहराच्या पोलिसांतील दोघांना तेथे नेमून. म्हणजे मुळातच ते पोलीस होते, पहारेकरी नव्हेत.

‘आवार’ हा शब्द मला स्वतःला प्रिय आहे, पण येथे तो तोकडा पडतो. आवार कुंपणापाशी संपते. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेतील कलम ९२६०० मध्ये मात्र या पोलिसांची हद्द संकुलाच्या बाह्य सीमेपासून एक मैलापर्यंत धरली आहे. म्हणून जागेऐवजी संस्थेचे नाव घेऊन ‘विद्यापीठ पोलीस दल’ म्हणावे.

पदनामांत खरी फसगत ‘ऑफिसर’ या शब्दाने होते. तिकडे तो सर्वांत खालच्या पायरीवरचा, गस्त घालणारा पोलीस असतो. ‘अधिकारी’ लिहिले, तर आपला वाचक त्याला निदान उपनिरीक्षक समजेल. ‘अंमलदार’ हा आपल्या पोलिसांच्या रोजच्या तोंडचा शब्द येथे नेमका बसतो. ‘चीफ’साठी ‘पोलीसप्रमुख’ आणि ‘डिस्पॅच सेंटर’साठी सरळ ‘नियंत्रण कक्ष’ लिहावे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संकुलात रात्री एकट्यादुकट्याला घरापर्यंत सोबत करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पदनामातही ‘ऑफिसर’ आहे, पण त्यांना अटकेचा अधिकार नाही. त्यांना ‘विद्यार्थी सेवक’ म्हणावे, म्हणजे शपथ घेतलेल्या पोलिसांशी त्यांची गल्लत होणार नाही.

पुन्हा प्रश्न : मग ‘सार्जंट’ला ‘हवालदार’ म्हणावे का?

उत्तर : माझ्या मते म्हणू नये. आपल्याकडील हवालदार हा अंमलदारांतच मोडतो, तर तिकडील सार्जंट हा साधारणपणे एका पाळीतील अंमलदारांना कामे वाटून देणारा आणि त्यांच्या कामाची जबाबदारी घेणारा असतो. ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या पोलिसांत गोरे सार्जंट असत, त्यामुळे हा शब्द मराठीला परका नाही. तो तसाच ठेवावा. लेफ्टनंट आणि कॅप्टन हेही तसेच ठेवून, प्रथम उल्लेखाच्या वेळी प्रत्येकाचे काम एका वाक्यात सांगावे.