पायथनमधलं फंक्शन समजायला कुठून सुरुवात करू?

अडाणकाठ (दारव्हा तालुका):
नमस्कार मंडळी. बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, मोबाइलवरच पायथन (प्रोग्रॅम लिहायची भाषा) शिकून राहिलो. इफ, फॉर लूप जमते. फंक्शन आलं की अडतो. काहून लिहायचं? आणि प्रिंट असताना रिटर्न कशाले? संध्याकाळी नेट चालत नाही, त्यामुळे मोठे व्हिडिओ नको.

दिग्रसकर:
पायड्रॉइड ३ हे पायथन चालवायचं ॲप टाक, एकदा घेतलं की नेटशिवाय चालते. मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल पाहा, धडे छोटे आहेत.

वऱ्हाडी_मास्तर:
भाऊ, कोर्स बदलून फंक्शन समजत नाही, स्वतःचं एक लिहिलं की समजते. घरचा कापूस घे. सीसीआय (सरकारी कापूस खरेदी करणारं महामंडळ) ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते, त्यावर दर टक्क्यामागे एक टक्का भाव कापते, १२ च्या वर घेतच नाही. हा हिशेब डेफखाली (डेफ म्हणजे फंक्शन सुरू करायचा शब्द) एकदाच लिही. नाव ठेव चुकारा (मालाचे मिळणारे पैसे), कंसात वजन, भाव, ओलावा. (पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात; आकडे, डेफ, रिटर्न मात्र इंग्रजीतच.)

मग १२ क्विंटल, भाव ८११० (२०२५-२६, लांब धागा), ओलावा १० देऊन कॉल कर, म्हणजे ते फंक्शन चालव. ९५,३७३ रुपये ६० पैसे यायले पाहिजे. शेजारच्या काकांच्या कापसाले तेच फंक्शन, फक्त आकडे वेगळे. उद्या कपातीचा नियम बदलला तर एकाच जागी दुरुस्ती. फंक्शन लिहायचं ते यासाठी.

आता रिटर्न. समज, कापूस दोन खेपांत गेला, ओलावा वेगवेगळा. दोन्ही चुकाऱ्यांची बेरीज पाहिजे. प्रिंट आकडा पडद्यावर दाखवते अन् संपलं. रिटर्न तो आकडा पुढच्या हिशेबाले परत देते. रिटर्न नसेल तर फंक्शनकडून नुसतं 'नन' (म्हणजे काहीच नाही) येते, अन् नन अधिक नन केलं की एरर. मुद्दाम दोन्ही प्रकारे चालवून पाहाच, इथेच बहुतेक पोरं अडकतात.

अडाणकाठ:
मास्तर, बेरीज आली! पण ओलावा १३ टाकला तरी पैसे दाखवून राहिलं.

वऱ्हाडी_मास्तर:
शाब्बास, तपासलंस हे फार चांगलं केलं. तुले इफ येते ना? फंक्शनच्या आत सगळ्यात वर लाव: ओलावा १२ पेक्षा जास्त तर रिटर्न शून्य. रिटर्न आलं की फंक्शन तिथंच थांबते, खालच्या ओळी चालत नाहीत. मग ८, ९, १२, १३ असे चारही टाकून पाहा अन् काय आलं ते इथे लिही.