मदत हवी आहे: बेसबॉलमधल्या बॅटरच्या मनाची तयारी कशी करून घ्यावी?

आमच्या संघातला एक मुलगा सरावात सुरेख फटके मारतो. सामन्यात मात्र दोन स्ट्राइक झाल्या (तिसरी झाली की बाद, म्हणजे स्ट्राइकआउट) की खांदे आखडतात, बॅट घट्ट आवळली जाते आणि बाहेरच्या चेंडूवरही तो बॅट फिरवतो. तंत्रात खोट नाही, हे मी खात्रीने सांगतो. दहा प्रयत्नांत तीन हिट (फटका मारून सुखरूप बेस गाठणं) मिळवणारा बॅटर मेजर लीगमध्येही (अमेरिकेतली अव्वल व्यावसायिक लीग) उत्तम मानतात, हे त्याला पटतं. तरी एक स्ट्राइकआउट डोक्यात बसला की पुढे फिल्डिंगही बिघडते. २००० च्या मेजर लीग प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) रिक अँकीलसारख्या पिचरचाही (चेंडू टाकणाऱ्याचाही) चेंडूवरचा ताबा अचानक सुटला होता, त्यामुळे 'मन घट्ट कर' एवढं सांगून भागणार नाही.

दोन पिचच्या (टाकलेल्या चेंडूंच्या) मधे बॉक्सबाहेर (बॅटरने उभं राहायच्या चौकटीबाहेर) येऊन लांब श्वास सोडणं, बॅटवरच्या एकाच खुणेकडे पाहणं, असं कुणी नेमाने करून घेतलंय का? आणि सामन्याचा ताण सरावात कसा आणता? कृपया सविस्तर सांगा.