लग्न २०२२ चे, सेटल्ड स्टेटस त्याआधीचे: पत्नीला ब्रिटनमध्ये आणण्याचा नियम आणि खर्च

डिचोलीकर (प्रश्न):
मी मूळचा डिचोली तालुक्यातला. आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला असल्याने वडिलांपाठोपाठ मलाही पोर्तुगीज नागरिकत्व मिळाले आणि २०१५ पासून मी स्विंडनला एका गोदामात ताशी वेतनावर काम करतो. माझ्याकडे सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटपूर्वी आलेल्या युरोपीय नागरिकांना मिळालेला कायम वास्तव्याचा हक्क) आहे. आमचा साखरपुडा २०१९ च्या नोव्हेंबरात झाला, परंतु टाळेबंदीमुळे लग्न लांबत गेले आणि अखेर मे २०२२ मध्ये गोव्यात झाले. त्याची रीतसर नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे केलेली आहे. पत्नीचा पासपोर्ट भारतीय असून ती फोंड्याच्या शाळेत शिकवते. माझ्या आधी इथे आलेल्या गोवेकरांनी आपल्या बायकांना एक पैसाही शुल्क न भरता आणले होते. आमच्याकडे मात्र सल्लागार काही हजार पौंडांचा हिशेब मांडतो. हे बरोबर आहे का? तिनेही पोर्तुगीज पासपोर्ट काढला किंवा मी ब्रिटिश नागरिकत्व घेतले, तर काही फरक पडेल का?

हाऊन्स्लोकर:
सल्लागार चुकत नाही. तुमच्या प्रकरणात सगळे काही ३१ डिसेंबर २०२० या एका तारखेवर ठरते. ब्रेक्झिटनंतरचा संक्रमणकाळ त्या दिवशी संपला. त्या तारखेपूर्वी जुळलेले नाते असेल, तर सेटल्ड स्टेटस असलेल्या युरोपीय नागरिकाच्या जोडीदाराला, ज्या योजनेखाली ते स्टेटस मिळाले, त्याच योजनेखाली आजही विनाशुल्क येता येते, आणि त्याला उत्पन्नाची अटही लागत नाही. लग्न त्यानंतरचे असले तरी आधीपासून ‘टिकाऊ सहजीवन’ होते हे दाखवता आल्यास वाट मोकळी राहते. परंतु त्यासाठी साधारणपणे दोन वर्षे एकत्र राहिल्याचा किंवा तितक्याच वजनाचा दुसरा पुरावा मागतात. आपल्याकडे साखरपुड्यानंतर मुलगी माहेरीच राहते, त्यामुळे नुसत्या साखरपुड्याच्या फोटोंवर हे सिद्ध होणे कठीण आहे. साथीमुळे लग्न लांबले, ही सबब न्यायालयातही टिकलेली नाही. चेलिक नावाच्या तुर्की गृहस्थांचे लग्न याच कारणाने मुदतीनंतर झाले होते आणि त्यांचे अपील २०२३ मध्ये अपील न्यायालयाने फेटाळले. मला हा निकाल कठोर वाटतो, पण आज लागू आहे तो हाच.

पोर्तुगीज पासपोर्टचा सल्ला गोव्याच्या मंडळींत अजूनही सर्रास दिला जातो. तो आता निरुपयोगी आहे. १ जानेवारी २०२१ पासून नवीन पोर्तुगीज पासपोर्टधारकाला इथे फक्त पाहुणा म्हणून येता येते, नोकरी करता येत नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतल्यानेही सुटका नाही, कारण ब्रिटिश पतीलाही पत्नीसाठी शुल्क आणि उत्पन्नाची अट असलेला स्पाउस व्हिसा, म्हणजे जोडीदाराचा व्हिसाच काढावा लागतो. पूर्वी ब्रिटिश नागरिक युरोपातल्या दुसऱ्या देशात काम करून ‘सुरिंदर सिंग मार्गा’ने जोडीदारासह परतत असत. १९९२ च्या निकालातून निघालेली ती वाटही २९ मार्च २०२२ ला बंद झाली.

डिचोलीकर:
मग स्पाउस व्हिसाच उरला. त्याला नेमके किती लागतात, आणि पत्नीचा पगार त्यात धरतात का?

लेस्टरची गृहिणी:
एप्रिल २०२५ च्या दरपत्रकाप्रमाणे भारतातून अर्ज केल्यास १,९३८ पौंड शुल्क आणि सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे ३,१०५ पौंड, म्हणजे ५,०४३ पौंड एकदम भरावे लागत होते. हा व्हिसा ३३ महिन्यांचा असतो. त्यानंतरच्या ३० महिन्यांच्या मुदतवाढीला १,३२१ अधिक २,५८७.५०, आणि पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी ३,०२९. सगळे मिळून बारा हजार पौंडांच्या जवळ, तेव्हाच्या विनिमय दराने रुपयांत तेरा-चौदा लाखांच्या घरात. क्षयरोगाची तपासणी आणि इंग्रजीची परीक्षा यांचा खर्च वेगळा, शिवाय दरवाढ बहुधा एप्रिलमध्ये होते, तेव्हा अर्जाच्या दिवशीचा दर पाहूनच पैसे बाजूला ठेवावेत.

खरी अडचण उत्पन्नाची आहे. ११ एप्रिल २०२४ पासून किमान मर्यादा १८,६०० वरून २९,००० पौंड झाली. पहिल्या अर्जात पत्नीचा भारतातला पगार धरत नाहीत. ती इथे येऊन नोकरीला लागली की मुदतवाढीच्या वेळी दोघांची कमाई एकत्र धरतात. एप्रिल २०२५ चे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होते, त्यात आठवड्याला ४० तास काम केले तरी वर्षाचे जेमतेम २५,४०० होतात. उरलेली तूट बचतीतून भरता येते, पण ती अशी: तुटीची अडीचपट आणि वर १६,०००. तुमची तूट ३,६०० धरली तर २५,००० पौंड खात्यात सहा महिने पडून असावे लागतील. ही बचत तुमची किंवा पत्नीची, कोणाचीही चालते. लॉकरमधले सोने मात्र धरत नाहीत, मग ते कितीही तोळे असो.

डब्लिनवासी:
आणखी एक पर्याय सांगतो. पोर्तुगीज पासपोर्टची किंमत ब्रिटनमध्ये गेली, युरोपीय संघात नाही, आणि आयर्लंड संघात आहे. पोर्तुगीज नागरिकाने इथे नोकरी धरली, तर त्याच्या भारतीय पत्नीला युरोपीय कायद्याप्रमाणे विनाशुल्क व्हिसा आणि पुढे पाच वर्षांचे निवासपत्र मिळू शकते; नोकरदारासाठी उत्पन्नाची किमान रेषा नाही. डब्लिनची घरभाडी मात्र स्विंडनच्या हिशेबाने पाहू नका. शिवाय सलग पाच वर्षे ब्रिटनबाहेर राहिल्यास तुमचे सेटल्ड स्टेटस जाईल, आणि त्याआधी परतायचे झाले तरी पत्नीला तोच स्पाउस व्हिसा लागेल.

डिचोलीकर:
आई-वडील इथेच असल्याने आयर्लंडला जाणे होणार नाही. गोदामात नियमित ओव्हरटाइम मिळतो. तो धरतात का?

लेस्टरची गृहिणी:
धरतात. ताशी वेतन असेल तर एकाच मालकाकडच्या मागील सहा महिन्यांच्या ढोबळ (कर कापण्यापूर्वीच्या) पगाराची मासिक सरासरी काढून तिला बाराने गुणतात. म्हणजे सरासरी महिना २,४१७ पौंडांच्या खाली जाता कामा नये. या सहा महिन्यांत नोकरी बदलू नका, आणि प्रत्येक पगारपत्रकावरची हातात आलेली रक्कम बँकेच्या उताऱ्याशी पेनीपर्यंत जुळते का ते दर महिन्याला तपासा. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचा अर्ज एक पगारपत्रक गहाळ झाल्यामुळे नाकारला गेला आणि अर्जाचे शुल्क परत मिळाले नाही. पत्नीची पदवी इंग्रजी माध्यमातली असेल तर एक्टिस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या ब्रिटिश संस्थेचे प्रमाणपत्र आत्ताच मागवा, म्हणजे परीक्षा द्यावी लागणार नाही. क्षयरोगाचा दाखला मात्र सहाच महिने चालतो, तो शेवटी काढा.

हाऊन्स्लोकर:
एक गोष्ट राहिली. मूल होण्याचा विचार असेल तर हेही लक्षात घ्या: तुमच्याकडे सेटल्ड स्टेटस असताना इथे जन्मलेले मूल जन्मतःच ब्रिटिश असते. गोव्यात जन्मले तर तसे नाही, आणि त्याच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.