डिस्क निम्मी रिकामी, तरी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' (डेबियन १२, कोहा)

ग्रंथपाल_सातारा:
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. देवघेव कोहा या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरवर चालते. एक जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन १२ (लिनक्स), कोहा, मारियाडीबी (डेटाबेस). यंत्रणा बसवून देणारे आता गावात नाहीत, त्यामुळे टर्मिनल मीच उघडते. आज्ञा समजून चालवू शकते, एवढं धरून सांगा.

सकाळी सगळं ठीक असतं, दुपारी अडकायला लागतं. गंमत म्हणजे पूर्ण बंद पडत नाही. पुस्तक देता येतं, परत घेता येतं. पण थकीत पुस्तकांचा अहवाल काढायला गेलं की मारियाडीबी 'एरर २८, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणते. नवीन पुस्तक नोंदवलं तर नोंद होते, शोधात मात्र येत नाही. टर्मिनलवर नाव पुरं करायला टॅब दाबला तरी 'कॅनॉट क्रिएट टेम्प फाइल फॉर हिअर-डॉक्युमेंट' असं उमटतं.

डिस्कवर किती जागा उरली ते दाखवणाऱ्या डीएफ -एच चं उत्तर: रूट पार्टिशन २० जीबी, वापर ४८%. मग जागा नाही कशी? तरी जुना तीन जीबीचा बॅकअप उडवला, एपीटीचा कॅश साफ केला. काही फरक नाही. मशीन रीस्टार्ट केलं की काही तास चालतं, मग पुन्हा तेच. समोर सभासद उभे असतात, त्यात वयस्कर माणसं जास्त. त्यांना "उद्या या" सांगायला जीवावर येतं. कुठे बघू?

मोरपंखी:
ताई, एक शक्यता आधी निकालात काढा. एखादी मोठी लॉग फाइल उडवली पण ती उघडून बसलेली प्रक्रिया चालूच असली, तर जागा सुटत नाही. नाव दिसत नाही, जागा अडलेली राहते. 'एलएसओएफ +एल१' चालवा. डिलीटेड लिहिलेल्या फायली दिसतील. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा मोकळी. रीस्टार्टनंतर तुमचं काही वेळ चालतं, त्यावरून मला हे सुचलं.

रात्रपाळी:
मोरपंखी म्हणतात ते नेहमी होतं, पण तसं असतं तर डीएफनेच डिस्क भरलेली दाखवली असती. अडलेली जागा डीएफ मोजतो, ती सुटते फायलींचे आकार मोजणाऱ्या डीयूच्या नजरेतून. इथे डीएफ स्वतःच निम्मी रिकामी म्हणतोय.

ताई, तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिलीत की उत्तर त्यांतच आहे. जे चालतंय ते सगळं आधीपासून असलेल्या फायलींत लिहिणारं. जे अडतंय त्याला नवीन फाइल लागते: अहवालासाठी मारियाडीबीची तात्पुरती फाइल, शोधाच्या इंडेक्सच्या फायली, टॅबसाठी बॅशची छोटी फाइल. म्हणजे बाइट्स शिल्लक आहेत, आयनोड (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदी) संपलेत. ईएक्सटी४ (तुमच्या डिस्कवरची फाइल सिस्टीम) मध्ये प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, मग ती एका ओळीची असो नाहीतर तीन जीबीची. किती आयनोड, हे पार्टिशन फॉरमॅट करतानाच ठरतं. नेहमीचं प्रमाण १६,३८४ बाइट्समागे एक. दोन्हींपैकी काहीही संपलं तरी कर्नल (लिनक्सचा गाभा) तोच २८ क्रमांकाचा एरर देतो, म्हणून माणूस चकतो. तीन जीबीचा बॅकअप उडवून तुम्हाला एकच आयनोड मिळाला. रीस्टार्टला /टीएमपी साफ होतं, थोडे सुटतात, तेवढ्यावर दुपारपर्यंत चालतं.

'डीएफ -आय /' चालवा. मग 'डीयू --आयनोड्स -एक्स /व्हार' करून सॉर्ट -एन मधून काढा, सगळ्यात शेवटच्या ओळी इथे द्या. अजून काही उडवू नका.

ग्रंथपाल_सातारा:
सर, अगदी तेच निघालं. आयनोड १३,१०,७२०, वापरलेले १३,१०,७२०, शिल्लक ०. आणि डीयूच्या शेवटी /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/मेलड्रॉप, त्यात साडेदहा लाखांच्या आसपास फायली! तिथे एलएस केलं तर पडदा थिजल्यासारखा झाला, शेवटी कंट्रोल-सी दाबलं. आम्ही या मशीनवरून ईमेल कधी पाठवतच नाही. ह्या कुठून आल्या?

रात्रपाळी:
क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सेवेतून. एखादं काम दर मिनिटाला चालत असेल आणि दर वेळी एखादी ओळ छापत असेल, तर क्रॉन त्या ओळीची मेल करतो. पोस्टफिक्स (मेल पोचवणारी सेवा) बंद असलं तरी मेल मेलड्रॉपमध्ये येऊन पडते, पुढे न्यायला कोणी नसतं. दिवसाला १,४४०, दोन वर्षांत १०,५१,२००. तुमच्या आकड्याशी जुळतंय. 'क्रॉनटॅब -एल' रूट म्हणून बघा, /ईटीसी/क्रॉन.डी पण बघा.

आता क्रम पाळा, तो महत्त्वाचा आहे. पोस्टफिक्स चुकूनही सुरू करू नका, नाहीतर ते साडेदहा लाख मेल पोचवायला घेईल. आधी एक फाइल 'पोस्टकॅट'ने उघडून वाचा, म्हणजे कुठल्या कामाची ते विषयाच्या ओळीत कळेल. ते काम गप्प करा. मग साफसफाई. 'आरएम *' चालणार नाही, 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लॉन्ग' येईल, कारण तारांकनाच्या जागी शेल सगळी नावं एकदम भरतं. त्याऐवजी:

फाइंड /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/मेलड्रॉप -टाइप एफ -डिलीट

पूर्ण पाथ एकदा बोटाने वाचून मगच एंटर. वाचनालय बंद झाल्यावर करा, जुन्या डिस्कला वेळ लागेल. एलएस थिजलं कारण ते आधी सगळी नावं क्रमाने लावतं. बघायचंच असेल तर 'एलएस -एफ', लहान अक्षरातला एफ.

मोरपंखी:
क्रॉनटॅबच्या वर मेलटू (मेल कोणाला जाईल ते सांगणारी ओळ) रिकामं ठेवलं की प्रश्नच मिटला ना?

रात्रपाळी:
मिटेल, पण मला ते पटत नाही. मग बॅकअप फसला तरी कोणाला कळणार नाही, आणि वाचनालयाच्या नोंदी परत कुठून आणायच्या? नुसतं साधं आउटपुट /डेव्ह/नल (म्हणजे कुठेच नाही) कडे वळवा, एररचं आउटपुट तसंच राहू द्या. काम नीट झालं तर गप्प, बिघडलं तर ओरडेल.

ग्रंथपाल_सातारा:
झालं! पोस्टकॅटमध्ये विषयाला बॅकअप सिंकच्या स्क्रिप्टचं नाव होतं, खाली 'सिंक ओके' एवढीच ओळ. तुम्ही सांगितलं तसं साधं आउटपुट वळवलं, रात्री फाइंड लावून घरी गेले. सकाळी आयनोडचा वापर २०% वर. अहवाल निघाला, गेल्या आठवड्यात नोंदवलेली पुस्तकं इंडेक्स पुन्हा बांधल्यावर शोधात आली.

दोन शंका. मेलड्रॉप रिकामं आहे तरी एलएस -एलडी त्या डिरेक्टरीचाच आकार कितीतरी एमबी दाखवतो. आणि आयनोड वाढवून घ्यायला पुन्हा फॉरमॅट करावं लागेल का?

रात्रपाळी:
ईएक्सटी४ मध्ये फुगलेली डिरेक्टरी फायली गेल्यावर आकसत नाही. त्रास नसेल तर राहू द्या. खुपत असेल तर ती काढून नवी करा. मालक पोस्टफिक्स, ग्रुप पोस्टड्रॉप, परवानगी १७३०. नंतर 'पोस्टफिक्स चेक' चालवा.

फॉरमॅट अजिबात नको. २०% वर तुम्हाला भरपूर आहेत. पुढेमागे डिस्क बदलून पार्टिशन वाढवलंत तर त्याबरोबर आयनोडही वाढतात. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम लागतील तसे आयनोड बनवते, पण त्यासाठी चालू यंत्रणा हलवू नका.

राहिलं एरर आउटपुटचं. त्याच्या मेल अजूनही मेलड्रॉपमध्येच पडतील आणि कोणी वाचणार नाही. तुमच्याकडे वाचनालयाचा ईमेल पत्ता असेल तर पोस्टफिक्स त्याच्याकडे मेल देईल असं लावून घेऊ. क्रॉनटॅबची ती ओळ आणि मेन.सीएफ (पोस्टफिक्सच्या सेटिंगची फाइल) इथे टाका, पासवर्ड असतील तर काढून. आज रात्री बघतो.