व्हिटॅमिन ई शरीरातून बाहेर कसं पडतं?

कोथरूडकर: आई केसांसाठी रोज ४०० ची व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल घेतेय, तेपण स्वतःच्या मनाने. बी, सी जास्त झालं तर लघवीतून जातं, पण ई तर चरबीत विरघळणारं ना, मग ते साठत जातं का?

लॅबवाली: थोडं साठतं, चरबीत, पण ए किंवा डी सारखं नाही. जेवणातल्या तेल-तुपासोबत आतड्यात शोषलं जातं, पित्त लागतं त्याला, आणि जे शोषलंच जात नाही ते सरळ शौचावाटे जातं. बाकीचं लिव्हरमध्ये येतं आणि खरी गंमत तिथेच आहे, तिथलं एक प्रोटीन ई चा अल्फा टोकोफेरॉल हा प्रकार तेवढा निवडून परत रक्तात पाठवतं, गॅमा वगैरे बाकीचे प्रकार मागे राहतात. मग सीवायपी४एफ२ नावाचं एन्झाइम त्यांच्या लांब शेपटीच्या टोकाला ऑक्सिजन जोडतं, पुढे ती शेपूट तुकड्या-तुकड्याने तोडली जाते, उरतो तो सीईएचसी नावाचा छोटा तुकडा, तो पाण्यात विरघळतो म्हणून लघवीतून जातं. काही भाग पित्तातूनही जातो. अल्फा जास्त झालं की त्याचीपण अशीच तोडफोड होते.

कोथरूडकर: म्हणजे घेत राहिली तर चालेल?

जुना_फार्मासिस्ट: नाही हो, असं नका समजू! मोठ्या माणसाला दिवसाला १५ मिग्रॅ पुरतं, ही कॅप्सूल त्याच्या कितीतरी पट आहे. जास्त डोसने रक्त गोठायला मदत करणाऱ्या व्हिटॅमिन के च्या कामात अडथळा येऊन रक्तस्रावाचा धोका वाढतो. आई वॉरफरिन किंवा अ‍ॅस्पिरिन अशी रक्त पातळ करणारी औषधं घेतात का? घेत असतील तर आजच डॉक्टरांना फोन करा.