बोट क्लब पुण्यात, म्हणून सोलापूरकरांनी गप बसायचं का?

पूर्वभागकर: काल इथं एकाने पुण्याच्या बोट क्लबांवर लिहिलंय, 1868 चा साहेबांचा, 1928 चा इंजिनिअरिंग कॉलेजचा, तिथवर चांगलंच लिहिलंय. पण शेवटी काय, तर "सोलापूरकरांना याचा गंध नाही, चार दिवसाआड नळ येतो तिथं कसलं बोटिंग". ते वाचून रात्री झोप लागली नाही मला. माझे वडील सोलापूरचेच, त्याच कॉलेजात शिकले, चार वर्षं क्लबात वल्हं मारलं. पोहायला शिकले ते विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. तळहाताला करंगळीखाली घट्टा होता, शेवटपर्यंत गेला नाही, लहानपणी मी नखानं खरवडून बघायचो. बक्षिसाच्या एकाही फोटोत ते नाहीत. मग ते क्लबच्या इतिहासात नाहीत का?

होटगीरोड_77: मीच लिहिलंय ते. वडिलांबद्दल आदर आहे, पण ते पुण्यात गेले म्हणूनच वल्हं हातात आलं ना? एकरुख तलाव 1871 पासून भरलेला आहे, कंबर तलाव तर गावातच, इथं रोइंग का रुजलं नाही ते सांगा. कंबर तलावात जलपर्णी बघून आलोय मी.

जुळेसोलापूरची_ताई: नळाचा विषय काढलाच आहे तर ऐका. उजनी धरण भरलं तरी आमच्याकडं पाच दिवसांनी पाणी, ते पण रात्री दोनला. सासूबाई आजारी असताना मी पिंप भरत बसलेली. आधी ते बघा, बोटी नंतर.

होटगीरोड_77: मी पण तेच म्हणतोय की ताई!

पूर्वभागकर: तेच नाही बे, तू माणसांना गंध नाही म्हणालास, पाइपलाइनला नाही!

जुळेसोलापूरची_ताई: पाइपलाइनच मूळ आहे. घरची टाकी भरली तर पोरं पोहायला मोकळी होतील.

कुगावचा: तुमच्यासाठी बोट म्हणजे हौस असेल. उजनीचं पाणी अडलं तसं आमचं इंदापूर पाण्यापलीकडं गेलं, रस्त्यानं लांबचा वळसा, म्हणून बोटीनं जायचं, पोराबाळांसकट, मोटारसायकल पण बोटीतच. मे 2024 ला आमच्या कुगाव आणि पलीकडच्या कळाशीमधली बोट वाऱ्यात उलटली, 6 जण गेले. आमच्या गल्लीत तीन दिवस चूल नीट पेटली नाही. क्लबात आधी पोहता येतं का बघतात, जॅकेट घालायला लावतात, मग ती शिस्त आमच्या धक्क्यावर का नको? सोलापूर जिल्ह्याला पाण्याचा गंध नाही म्हणणाऱ्यानं एकदा येऊन बघावं.

होटगीरोड_77: हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

पंढरपूर_घाट: आमच्या चंद्रभागेतले कोळी तर पिढ्यान्‌पिढ्या होड्या चालवतात. त्यांना मेंबर कुणी केलं? आणि दत्तू भोकनळ, चांदवडकडच्या दुष्काळी गावचा, विहिरी खोदायचा, सैन्यात गेल्यावर वल्हं धरलं आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकात तेरावा आला. पाणी नाही म्हणून रोइंग नाही, हे मला पटत नाही.

होटगीरोड_77: बरं, "गंध नाही" ते वाक्य काढतो. क्लब नाही हे मात्र खरंच आहे, ते ठेवणार. पूर्वभागकर, वडील कुठल्या सालातले? मूळ लेखात त्यांचं नाव घालतो.

पूर्वभागकर: आईला विचारून सांगतो. घट्ट्याचं पण लिही.