मॉट-अँड-बेली : बालेकिल्ला, गढी की टेकाड?

शब्दशोध : इंग्लंडमधल्या थेटफर्डच्या मॉट-अँड-बेली किल्ल्यावरचा मजकूर मराठीत आणतोय. मॉट म्हणजे खंदकाची माती रचून केलेली टेकडी, वर लाकडी बुरूज. बेली म्हणजे पायथ्याचं खंदक-बांधाने वेढलेलं आवार. घरं, कोठारं, तबेले तिथे. थेटफर्डला आता फक्त माती उरली आहे, टेकडी सुमारे २० मीटर. 'बालेकिल्ला आणि माची' लिहिलं, तर संपादकांनी कापलं.

गडवाट : बरोबरच कापलं. माची म्हणजे डोंगराची सोंड तटाने बांधून काढलेली. राजगडाची संजीवनी आठवा. बालेकिल्लाही कातळावर बसतो. मॉट हा भराव आहे आणि भराव दबतो. यॉर्कच्या मॉटवर तेराव्या शतकात दगडी मनोरा चढवला, चौदाव्यात तो वरपासून खालपर्यंत तडकला. ताज्या भरावाला लाकूडच झेपतं.

पांढरी : मग गढी म्हणा की! मातीचा उंचवटा, मातीचेच बुरूज.

मेढेकरी : गढी म्हटलं की वाचकाला देशमुखांचा वाडा दिसतो, दोन भाग दिसत नाहीत. मेढेकोट, म्हणजे लाकडी मेढी (खांब) रोवून केलेला कोट, हा आपला जुना, नेमका शब्द आहे. 'टेकाड आणि मेढेकोट' लिहा.

गडवाट : मेढी टेकाडाच्या माथ्यावरही रोवलेल्या असत, मग फरक कसा कळणार? मॉट, बेली तसेच ठेवा. किल्ला, बुरूज, खंदक हे तिन्ही अरबीतूनच आले ना?

पांढरी : 'बेली' आणि 'बाले' एकाच मुळातले वाटतात.

शब्दशोध : नाहीत. बाले हे फारसी 'बाला', म्हणजे वरचा. बेली जुन्या फ्रेंचमधली आणि नेमकी खालची. खरी गंमत मॉटची आहे : खंदकाला इंग्रजीत जो 'मोट' शब्द आहे तो याच फ्रेंच शब्दातून आला. उंचवट्याचं नाव खड्ड्याला गेलं! मराठीत मात्र मोट विहिरीवरची, म्हणून 'मॉट'च लिहायला हवं.

मेढेकरी : आणि मजकुरात थेटफर्डला 'शेड्यूल्ड' स्मारक, म्हणजे कायद्याने संरक्षण दिलेलं, म्हटलं असेल तर त्याचं 'अनुसूचित' करू नका, 'संरक्षित स्मारक' लिहा. फक्त आपल्याकडे संरक्षित स्मारकाभोवती असतो तो बांधकामाला बंदी असलेला १०० मीटरचा पट्टा वाचकाने तिथे गृहीत धरू नये. ब्रिटनच्या १९७९च्या कायद्यानुसार अशा स्मारकावर परवानगीशिवाय खणणं किंवा भर टाकणं गुन्हा आहे. मेटल डिटेक्टरलाही परवानगी लागते.

गडवाट : भर टाकण्याचा उल्लेख ठेवाच. पायवाटेने उतार घासतो, सशांची बिळं आत ढासळतात, झाड उन्मळलं की मुळांबरोबर थर उपसतात. मग कुणी प्रेमाने माती आणून खड्डा बुजवतं आणि मूळ थर कुठला तेच कळेनासं होतं. आणि 'अर्थवर्क', म्हणजे माती खणून-रचून केलेली अशी जुनी रचना, यासाठी 'मातीकाम' नको, त्यात कंत्राटाचा वास येतो.

पांढरी : मग 'बांध-खंदक'?

मेढेकरी : खंदक म्हटलं की लोक पाणी शोधतील. असे कितीतरी खंदक कोरडेच असत.

शब्दशोध : मराठीत खंदक कोरडाही चालतो.